रिव्ह्यू तिचा, क्रीमही तिचंच: मग विश्वास कुठवर ठेवायचा?

यूट्यूब किंवा इन्स्टाग्रामवर त्वचेबद्दल काही शोधलं की हमखास असा एक व्हिडिओ समोर येतो. एक मुलगी दहा सनस्क्रीन समोर मांडून बसलेली असते. कुठलं चिकट लागतं, कुठल्यानं चेहरा पांढराफटक दिसतो, कुठलं डोळ्यांत गेलं की झोंबतं, हे ती नीट समजावून सांगते. बोलणं अभ्यासपूर्ण असतं, भाषा आपल्या घरातली असते. शेवटी अकरावी ट्यूब समोर येते: तिच्या स्वतःच्या ब्रँडची. नाहीतर 'लिंक खाली दिली आहे, माझा कोड वापरा, दहा टक्के सूट मिळेल' हे वाक्य तरी येतंच.

यावर लोकांची दोन टोकं दिसतात. काही जण म्हणतात, सगळे विकलेले आहेत, एकाचंही ऐकू नका. काही म्हणतात, ती उघडपणे सांगतेय ना, मग अडचण काय? मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. विकणारी व्यक्ती काही गोष्टी उत्तम सांगू शकते आणि काही गोष्टी तिला सांगताच येणार नाहीत. कुठल्या कुठल्या, एवढं कळलं तरी आपले पैसे वाचतात आणि कातडीही वाचते.

पैसे येतात कुठून?

रिव्ह्यू करणाऱ्याच्या खिशात पैसे यायच्या वाटा बऱ्याच आहेत. सगळ्यात साधी वाट म्हणजे कंपनीनं फुकट पाठवलेला माल. या धंद्यात त्याला 'बार्टर' म्हणतात: वस्तू घ्या, व्हिडिओ करा. त्यापुढची वाट ठरलेले पैसे घेऊन केलेल्या व्हिडिओची, म्हणजे 'पेड कोलॅब'. तिसरी वाट ॲफिलिएट लिंकची. त्या खास लिंकवरून तुम्ही खरेदी केली की लिंक देणाऱ्याला विक्रीचा ठरावीक टक्का मिळतो. सूट देणारा कोड बहुतेक वेळा याच हिशेबाचा भाग असतो. आणि शेवटची वाट म्हणजे स्वतःचा ब्रँड.

यातल्या ॲफिलिएटबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण ती सगळ्यात निरुपद्रवी वाटते. दहाही सनस्क्रीनच्या लिंक खाली असतील तर ती एका कंपनीची बाजू कशाला घेईल? घेणार नाही, हे खरं आहे. पण तुम्ही काहीच घेतलं नाही तर तिला काहीच मिळत नाही. त्यामुळे 'घरात आहे तेच मॉइश्चरायझर संपवा, नवीन काही लागत नाही' हा सल्ला तिच्याकडून क्वचितच मिळतो. त्वचेच्या बाबतीत मात्र पुष्कळदा तोच सल्ला सगळ्यात योग्य असतो. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन एवढ्यावर बहुतेक निरोगी चेहऱ्यांचं भागतं. आठ टप्प्यांचा दिनक्रम ही गरज विक्रीतून आलेली आहे.

खोटं न बोलताही पारडं झुकतं ते कसं?

एप्रिल-मे महिन्यात पेठेत आंबे घ्यायला गेलात, तर आंब्याबद्दल सगळ्यात जास्त कळतं ते आंबेवाल्यालाच. देठाजवळचा वास कसा घ्यायचा, पेटीतला आंबा कधी खायला काढायचा, पावडर टाकून पिकवलेला कसा ओळखायचा, हे तो अगदी खरं सांगतो. पण 'यंदा शेजारच्या गाळ्यावर माल चांगला आलाय' हे तो सांगणार नाही, आणि 'या वर्षी भाव फार आहेत, राहू द्या' हे तर नाहीच. त्यानं खोटं काहीच सांगितलं नाही. जे सांगणं त्याच्या सोयीचं नव्हतं, तेवढं बोलण्यातून गळलं.

सौंदर्यप्रसाधनांच्या जगातलं याचं ठळक उदाहरण अमेरिकेतलं आहे. पॉला बेगून या लेखिकेनं 1980 आणि 90 च्या दशकांत प्रसाधनांची चिरफाड करणारी पुस्तकं लिहिली. मोठमोठ्या कंपन्यांच्या महागड्या डब्यांत प्रत्यक्षात काय आहे हे तिनं सामान्य बायकांना वाचायला शिकवलं. लोक तिला प्रसाधनांची पोलीस म्हणू लागले. 1995 मध्ये तिनं 'पॉलाज चॉइस' हा स्वतःचा ब्रँड काढला आणि इतरांच्या उत्पादनांचे रिव्ह्यूही चालू ठेवले. 2021 मध्ये तो ब्रँड युनिलिव्हरनं विकत घेतला.

बेगूनचा अभ्यास खरा होता आणि तिच्या कामाबद्दल मला आदर आहे. सुगंधामुळे त्वचा चिडू शकते, रुंद तोंडाच्या डबीत हवा आणि उजेड लागून काही घटक निकामी होतात, हे तिचे मुद्दे होते आणि त्यांत तथ्य आहे. याच निकषांवर ती इतरांना गुण द्यायची. तिची स्वतःची उत्पादनं अर्थातच बिनवासाची होती आणि अशा डब्यांत नव्हती. म्हणजे परीक्षेचा पेपर काढणारी तीच आणि पेपरला बसणारीही तीच. अशा वेळी एकही गुण खोटा न देता आपला पहिला नंबर येतो. सुगंधाला किती महत्त्व द्यायचं, किमतीला किती, त्वचेला बरं वाटण्याला किती, हे ठरवतानाच निकाल अर्धा लागलेला असतो.

तेव्हापासून हाच रस्ता रुळला. टिकटॉकवर त्वचेच्या रिव्ह्यूंमुळे प्रसिद्ध झालेल्या हायरम यारब्रोनंही 2021 मध्ये स्वतःची उत्पादनं आणली. आपल्याकडेही रिव्ह्यूपासून सुरुवात, मग कोड, मग ब्रँड असा प्रवास आता नवलाचा राहिलेला नाही.

'पण ती तर सगळं उघड सांगते!'

सांगायलाच हवं, कारण भारतात तो नियम आहे. जाहिरात क्षेत्राच्या स्वनियामक संस्थेनं, म्हणजे ॲस्कीनं, 2021 मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्यानंतर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलची तत्त्वं जून 2022 मध्ये आली, आणि जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं खास इन्फ्लुएन्सरसाठी खुलासा केला. रोख पैसेच नव्हे, तर फुकट वस्तू, सहली, सवलती, भेटी, नातेसंबंध, नोकरी, कंपनीतली मालकी, यातलं काहीही असलं तरी ते सांगायला हवं. शब्द साधे हवेत: 'जाहिरात', 'प्रायोजित', 'पेड प्रमोशन'. ते हॅशटॅगच्या गर्दीत दडवायचे नाहीत. व्हिडिओ असेल तर दिसायलाही हवेत आणि ऐकूही यायला हवेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. शिवाय शिफारस करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत, पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

नियम चांगला आहे. पण उघड सांगितलं म्हणजे सल्ला नि:पक्ष झाला, असं होत नाही. डेलियन केन, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि डॉन मूर या तिघा संशोधकांचा 2005 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे फार उपयोगी आहे. नाण्यांनी भरलेल्या बरण्या होत्या. काही लोकांना त्या लांबून, थोडाच वेळ दाखवल्या आणि आत किती रक्कम आहे याचा अंदाज करायला सांगितलं. दुसऱ्या गटाला, म्हणजे सल्लागारांना, बरणी जवळून नीट बघायला मिळाली. अंदाज करणाऱ्यांनी या सल्लागारांचं ऐकून आकडा सांगायचा. मेख अशी होती की काही सल्लागारांना, समोरच्यानं मोठा आकडा सांगितला तर जास्त पैसे मिळणार होते.

हा स्वार्थ समोरच्याला आधीच सांगितला, तेव्हा सल्लागारांनी आकडे आणखीच फुगवून सांगितले. 'मी सांगितलंय, आता त्याचं तो बघेल' असा मोकळेपणा त्यांना आला असावा. ऐकणाऱ्यांनी सल्ल्यातून थोडी वजावट केली, पण पुरेशी केली नाही. स्वार्थ उघड केल्यावर ऐकणाऱ्यांचा तोटा वाढला.

म्हणून 'पेड' असं लिहिलेलं दिसलं की आपलं काम तिथून सुरू होतं. आपल्या मनात मात्र उलट होतं: बघा किती प्रामाणिक आहे, असं म्हणून आपण आणखी सैलावतो.

'तिच्या चेहऱ्यावर फरक दिसतोय की'

फरक खराही असेल. तो या क्रीममुळेच पडला, हे मात्र फोटोवरून कळत नाही. मुरुमं आपोआप कमी-जास्त होत असतात, पाळीच्या चक्राबरोबर तर होतातच. माणूस नवीन क्रीम घेतो ते चेहरा सगळ्यात वाईट असताना, म्हणजे काहीही न लावता बरं वाटण्याच्या बेतात असताना. त्वचेचा वरचा थर तरुण वयात साधारण महिनाभरात बदलतो, त्यामुळे वरवरचे डाग तसेही हळूहळू फिके होतात. ग्लिसरीनसारखा साधा घटक पाणी धरून ठेवतो आणि बारीक रेषा काही तासांपुरत्या भरून येतात. आधीचा फोटो बाजूच्या उजेडात आणि नंतरचा समोरच्या उजेडात काढला की उरलेलं काम उजेड करतो. आणि ज्या बाई रोज पाच गोष्टी लावतात आणि मधेच क्लिनिकमध्ये जाऊन पीलही (रसायन लावून त्वचेचा वरचा थर काढणं) करून येतात, त्यांच्या चेहऱ्यावरून एका बाटलीचा गुण सांगणं कुणालाच शक्य नाही.

डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा हा. वापरून कळतं आणि वापरून कळत नाही, असे गुणांचे दोन भाग करा. पोत, वास, पंपातून नीट येतं का, घामानं ओघळतं का, सावळ्या त्वचेवर राखाडी थर दिसतो का, हे वापरणारीलाच कळतं. विकणारी असली तरी या बाबतीत तिचं ऐकायला हरकत नाही, कारण ते खोटं निघालं तर पहिल्याच दिवशी आपल्या लक्षात येतं.

एसपीएफ मात्र कुणालाही वापरून कळत नाही. एसपीएफ म्हणजे त्वचा लाल करणाऱ्या किरणांपासून किती पट संरक्षण मिळतं त्याचा आकडा. तो काढायला स्वयंसेवकांच्या पाठीवर दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम या मापानं सनस्क्रीन लावतात, ठरावीक दिव्याचा मारा करतात आणि त्वचा कधी लाल होते ते पाहतात. न्हाणीघराच्या आरशासमोर हे होत नाही.

2020 च्या डिसेंबरमध्ये प्युरिटो या कोरियन ब्रँडच्या एका सनस्क्रीनचं प्रकरण गाजलं. ते हलकं होतं, चेहरा पांढरा करत नव्हतं, आणि इंटरनेटवर त्याचं कौतुक मावत नव्हतं. लेबलवर 50+ होतं. प्रसाधनांतल्या घटकांची माहिती देणाऱ्या एका संकेतस्थळाच्या संस्थापिकेनं ते युरोपातल्या दोन प्रयोगशाळांत तपासून घेतलं. आकडा निघाला 19 च्या आसपास. कंपनीला विक्री थांबवावी लागली.

जून 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 'चॉइस' या ग्राहक संस्थेनं 20 सनस्क्रीन तपासले आणि त्यांतले 16 लेबलवरच्या आकड्यापर्यंत पोहोचले नाहीत. अल्ट्रा व्हायोलेट या लोकप्रिय ब्रँडच्या एका 50+ सनस्क्रीनचा आकडा 4 निघाला. कंपनीनं आधी निकालावर आक्षेप घेतला, मग ऑगस्टमध्ये ते उत्पादन बाजारातून काढून घेतलं. हिशेब करून बघा: एसपीएफ 50 खरा असेल तर 100 पैकी सुमारे 2 भाग किरणं आत जातात, एसपीएफ 4 असेल तर 25 भाग. पुढे तिथल्या औषध नियामकाच्या चौकशीत दिसलं की हाच मूळ फॉर्म्युला दुसऱ्या नावांच्या अनेक सनस्क्रीनमध्येही होता.

या सनस्क्रीनची तारीफ करणाऱ्या सगळ्यांनी खोटं सांगितलं का? बहुतेकांनी नाही. त्यांना जे जाणवलं ते त्यांनी सांगितलं, आणि आकडा लेबलवरून वाचून दाखवला. आपण दोन्हींना सारखाच पुरावा मानलं. कॉलेजन (त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन) वाढणं, डाग पुन्हा न येणं, वर्षानुवर्षं वापरून सुरक्षित असणं, हे सगळंही याच न दिसणाऱ्या भागातलं आहे.

'पण ती डॉक्टर आहे'

आधी पदवी बघा. त्वचारोगतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयातली एमडी, डीएनबी, डीडीव्ही किंवा डीव्हीडी. 'स्किन एक्स्पर्ट' किंवा थोड्या महिन्यांच्या कोर्सचं प्रमाणपत्र म्हणजे ते नाही. आणि पदवी खरी असली तर? आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांसाठी 2002 पासून असलेले आचारनियम सांगतात की जाहिरातीत वापरण्यासाठी आपल्या नावानं किंवा फोटोनं कुठल्याही औषधाची वा व्यापारी वस्तूची शिफारस करू नये. या नियमामागचं शहाणपण मला आजही पटतं. डॉक्टरकडे आपण जातो ते 'तुला याची गरज नाही' हे सांगू शकणारं कुणीतरी हवं म्हणून.

'हजारो लोकांनी पाच तारे दिलेत'

दुकानाच्या साइटवरचे तारे म्हणजे विकणाऱ्याच्याच अंगणातली मतं. सण्डे रायली या अमेरिकी कंपनीचं प्रकरण 2019 मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं बाहेर काढलं. कंपनीचे कर्मचारी जवळजवळ दोन वर्षं सेफोरा या प्रसाधनांच्या दुकानाच्या साइटवर खोट्या खात्यांवरून स्वतःच्याच मालाचं कौतुक लिहीत होते. वाईट रिव्ह्यू दिसला तर त्याला नापसंती द्या, म्हणजे तो काढला जाईल, अशी सूचनाही त्यांना होती. भारतात ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस 19000:2022 हे मानक नोव्हेंबर 2022 मध्ये जाहीर झालं, पण ते ऐच्छिक म्हणून आलं.

नाव-गाव नसलेली डबी

इथवर पैशांचं नुकसान होतं. इथून पुढे शरीराचं.

पार्लरमध्ये, व्हॉट्सॲप ग्रुपवर, छोट्या खात्यांवर 'नाइट क्रीम' नावाच्या पांढऱ्या डब्या विकल्या जातात. रिव्ह्यू करणारी तीच, विकणारी तीच, आणि चेहरा तिचाच: 'मी स्वतः वापरते, आठ दिवसांत उजळले'. आठ दिवसांत उजळणं हीच धोक्याची खूण आहे. अशा मालात बहुधा स्टेरॉइड किंवा पारा असतो. स्टेरॉइडनं चेहरा झटपट उजळतो आणि मुरुमं दबतात. थांबवलं की लाली, आग आणि दुप्पट मुरुमं येतात, म्हणून पुन्हा तेच लावलं जातं. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना या विद्रूप चेहऱ्यांसाठी वेगळं निदानच ठरवावं लागलं. 2018 मध्ये लावायच्या अनेक स्टेरॉइड मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई झाली.

पाऱ्याचं नुकसान आणखी आत जातं. 2023 मध्ये अकोल्यातल्या एका कुटुंबातल्या तिघी जणींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी आली. तिघींमध्ये समान दुवा होता तो स्थानिक पार्लरमधून आणलेल्या क्रीमचा, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासणीत त्या क्रीममध्ये भरमसाट पारा सापडला. त्याच वर्षी केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनीही उजळवणाऱ्या क्रीमशी जोडलेले मूत्रपिंडाचे रुग्ण नोंदवले. आपल्या कॉस्मेटिक्स रूल्स 2020 नुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालताच येत नाही. नकळत आलेला असेल तरी मर्यादा दहा लाखांत एक भाग एवढीच.

अशी डबी विकणाऱ्या पुष्कळ जणी स्वतःही तीच लावत असतात, मनापासून. त्यांनाही आत काय आहे ते माहीत नसतं. मनापासून सांगितलेलं आणि तपासून सांगितलेलं यांतलं अंतर इथे सगळ्यात जास्त महाग पडतं.

मग बाटली हातात घेऊन काय बघायचं?

मागची बाजू. भारतीय उत्पादनावर कारखान्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि वापरण्याची मुदत हवी. 'मार्केटेड बाय' आणि 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' अशी दोन नावं असतील तर घाबरू नका, त्यात बेकायदेशीर काही नाही. पण 'माझा फॉर्म्युला' म्हणणाऱ्या व्यक्तीनं तो बनवला की कारखान्याच्या तयार यादीतून निवडला, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

मग घटकांची यादी. 1 टक्क्याच्या वरचे घटक जास्त ते कमी अशा क्रमानं लिहितात, त्याखालचे कसेही. समजा पुढच्या बाजूला केशराचं मोठं चित्र आहे. मागे पाणी, ग्लिसरीन, नायासिनामाइड, मग फिनॉक्सिएथेनॉल आणि त्याच्याही नंतर केशराचा अर्क. फिनॉक्सिएथेनॉल हे बाटली खराब होऊ न देणारं द्रव्य आहे आणि त्याची कमाल मर्यादाच 1 टक्का आहे. त्याच्या मागे लिहिलेलं केशर म्हणजे 1 टक्का किंवा त्याहून कमी. किती कमी ते कळत नाही, पण किंमत केशराची आहे आणि बाटली ग्लिसरीनची, एवढं कळतं. रेटिनॉलसारखे काही घटक 1 टक्क्याखालीही काम करतात, म्हणून ही कसोटी प्रत्येक घटकाला लावू नका.

व्हिडिओ बघताना मी तीन गोष्टी शोधते. हिनं कधी 'हे घेऊ नका, काहीच घेऊ नका' म्हटलंय का? स्वतःच्या ब्रँडचा दोष सांगितलाय का, आणि तो 'पटकन संपतं, इतकं छान आहे' असल्या छापाचा नाही ना? एसपीएफचा तपासणी अहवाल कुणी मागितला तर ती देते का, की प्रश्नच काढून टाकला जातो?

नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला रोज लावून आठवडाभर बघा, मग चेहऱ्यावर. एका वेळी एकच गोष्ट सुरू करा, नाहीतर कशानं काय झालं ते तुमचं तुम्हालाही कळणार नाही. वांग, न जाणारी मुरुमं, पसरणारे डाग असतील तर सरकारी रुग्णालयातली त्वचारोगाची ओपीडी गाठा. तिथल्या डॉक्टरला तुम्ही काय विकत घेता याच्याशी देणंघेणं नसतं.

काही बिघडलंच तर डबी टाकून देऊ नका. डबी, खोका, बिल आणि त्या व्हिडिओचा तारखेसकट स्क्रीनशॉट जपून ठेवा. फसव्या दाव्याबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करता येतो. मालातच भेसळ वाटत असेल तर महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे लेखी तक्रार द्या आणि उरलेलं क्रीम डबीतच राहू द्या, कारण तपासायला त्यांना तेच लागतं.